डोळा दिसल्याशिवाय नाव नाही

पक्षी पाहत हिंडणाऱ्यांजवळ पक्ष्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. आम्ही चौघं. मी गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात, शकीलभाईंचं राजुऱ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान, वंदनाबाई शिक्षिका, आणि सुधाकरभाऊ जिवतीच्या डोंगरावर कापूस पिकवतात. आमचे निम्मे किस्से पाणकावळ्याचे. छोटा, मोठा आणि भारतीय, तिन्ही जाती काळ्या, त्यात ओल्या. भांडायला एवढं पुरतं.

एकदा शकीलभाईंनी फोन करून सगळ्यांना तलावावर बोलावलं. मोठा पाणकावळा आला म्हणाले. हातातली कामं टाकून गेलो. आम्ही पाहत असतानाच त्याच्या शेजारी एक बगळा येऊन बसला, आणि मोठा पाणकावळा एकदम छोटा झाला.

शकीलभाई शांतपणे म्हणाले, "बगळाच मोठा असंल."

वंदनाबाईंनी पंख पसरून उन्हात बसलेल्या पाणकावळ्याचा फोटो सासूबाईंना दाखवला. मासे धरून झाले की तो असे पंख वाळवतो, हेही सांगितलं. सासूबाईंनी फोटो नीट पाहिला.

"एवढं वाळवाचंच होतं, त पाण्यात गेला काऊन?"

भांडण मात्र भारतीय पाणकावळ्यावरून झालं. त्याची चोच लांब, बारीक आणि डोळा हिरवट निळा. तसा एक पक्षी बुडालेल्या झाडाच्या खोडावर दुपारभर आमच्याकडे पाठ करून बसला होता. मान जराशी वळली की चोच तेवढी दिसत होती. शकीलभाईंनी नाव सांगून टाकलं. सुधाकरभाऊ म्हणाले, "डोळा नाई दिसला, त नाव नाई." पक्षी तसाच पाठमोरा उडून गेला. शकीलभाई सुधाकरभाऊंशी बोलेनासे झाले. ग्रुपवर फोटो टाकणंही त्यांनी सोडलं.

शेवटी वंदनाबाईंनीच कोकणात जायचं ठरवलं. तिकडे खाडीवर हाच पक्षी अगदी जवळून दिसतो, डोळा पाहून घ्या आणि मिटवा, असं दोघांनाही बजावलं. गाडीत दोघं दोन टोकांना बसले.

खाडीच्या तोंडाशी एका खडकावर तो बसलेलाच होता. तोंड आमच्याकडे. शकीलभाईंनी दुर्बीण लावली, डोळा हिरवा दिसला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी हाक मारली, "भाऊ, या. पाहून घ्या."

भाऊ जागेवर नव्हते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते खाली समुद्राच्या पाण्यात उभे होते, खडकाकडे पाठ करून. मी जाऊन म्हटलं, "भाऊ, चला, उडून जाईन तो."

त्यांनी मान वळवली नाही.

"तो त आपल्या तलावावर येते," भाऊ म्हणाले. "हे कुठी येते?"

वर शकीलभाईंनी दुर्बीण वंदनाबाईंच्या हातात दिली आणि ते चपला काढायला लागले.