पंपावर राहिलेला दुसरा चहा

आधीच सांगतो, माझा या असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. गाव कुडाळजवळ, त्यामुळे गाव सांभाळणाऱ्या अदृश्य राखणदाराला वडील गाऱ्हाणं घालतात, हे लहानपणापासून बघत आलोय. पण माझं लक्ष कायम नारळ कधी फुटतो याकडे. पुढे इन्स्ट्रुमेंट इंजिनियर झालो. मीटरवर दिसतं तेवढंच खरं, बाकी सगळ्या गप्पा... असा माझा खाक्या. तरीही हे लिहितोय, कारण मनात ठेवून ठेवून आता जड झालंय.

मी सौदीत जुबैलला एका पेट्रोकेमिकल प्लांटवर नोकरीला आहे. सकाळी कंपनीची बस येते. बसस्टॉपसमोरच्या टपरीवरून मी दोन कागदी कप करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा घ्यायचो – एक माझा, एक मोहनदादाचा. मोहनदादा म्हणजे आमच्या प्लांटचा मेकॅनिकल सुपरवायझर, वेंगुर्ल्याचा. माझा सख्खा भाऊ नव्हे. पण परक्या मुलखात मालवणीत शिव्या घालणारं माणूस भेटलं की नातं आपोआप लागतं.

जुबैलला येण्याआधी दादाने उमेदीची सगळी वर्षं थायलंडमध्ये, रायोंगच्या प्लांटवर काढली होती. लग्नही तिथलंच. नॉयवहिनी आणि घर रायोंगला, हा इथे. बसमध्ये तो खिडकीशी बसायचा आणि जगातल्या कुठल्याही विषयावरून थायलंडवर यायचा.

"थंय सरकार पाडूक विरोधी पक्ष लागणत नाय रे नितीन. कोर्ट बसला काय झाला!"

किंवा – "थंय पिवळे शर्टवाले राजाचे, लाल शर्टवाले त्यांच्या विरोधातले. पिवळो शर्ट घातलो काय सासरो खूश, मेवणो रुसता. लाल घातलो काय मेवणो खूश, सासरो जेवणा सोडता. शेवटी मेवणीच्या लग्नाक मी कंपनीचो निळो युनिफॉर्म घालून गेलंय."

किंवा – "आमचो माणूस रागावलो काय ओरडता, थाय माणूस रागावलो काय हसता. लग्नानंतर वर्षभर माका वाटलेला, बायको भारीच आनंदात आसा."

तिथे म्हणे दारोदार भुताचं छोटं घर असतं, आणि त्याच्यापुढे रोज लाल सरबताची बाटली ठेवतात, वर स्ट्रॉ खोचून. "आमच्या राखणदाराक नारळ, त्यांच्याक स्ट्रॉ. भुतांचेय लाड असतत बाबा." एवढं बोलून स्वतःच खो खो हसायचा. सगळी बस झोपलेली असायची आणि आम्ही दोघे हसत असायचो.

गेल्या हिवाळ्यात त्याच बसमध्ये, त्याच खिडकीशी दादा गेला. चहाचा कप हातात होता. छातीवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं... आणि संपलं. हॉस्पिटलपर्यंत नेलं, पण उपयोग झाला नाही.

कागदपत्रांत बरेच दिवस गेले. दादाला रायोंगलाच न्यायचं ठरलं. वहिनीला इकडे येणं जमण्यासारखं नव्हतं. शवागारातून पेटी निघायच्या आदल्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल केला. तिचं इंग्रजी तुटक, पण मला 'भावजी' म्हणायला दादाने तिला पक्कं शिकवलं होतं.

"भावजी, एक काम करशील? परमुलखात मेलेल्या माणसाला घरचा रस्ता कळत नाही. आमच्यात त्याला सांगत सांगत आणतात. गाडी निघाली की सांगायचं, चल. वळण आलं की सांगायचं. पूल आला की सांगायचं. नाहीतर शरीर घरी येतं आणि तो वाटेत कुठेतरी बसून राहतो... माझं माणूस आहे तिकडे सांगणारं, असं मी इथल्या भिक्षूंना सांगितलंय."

हो म्हणालो. अशा वेळी नाही कोण म्हणेल? पण मनातल्या मनात म्हटलं, हे काय भलतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. ड्रायव्हर पेशावरचा, गुलखान. आधी मला लाजच वाटली. मग हळूच म्हटलं, "दादा, चल. निघालंव आपण." गुलखानने माझ्याकडे एकदा बघितलं, रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "बोलो साब, बोलो. मुर्दे से बात करना गुनाह नहीं है."

मग बोलत गेलो. "दादा, उजवेक वळतंव." "दादा, पूल इलो हां, सांभाळून." सरळ रस्त्यावर सांगण्यासारखं काहीच नसायचं, दोन्ही बाजूंना नुसती वाळू. तेव्हा मी त्याला बातम्या दिल्या. "तुझ्या थायलंडात परत पंतप्रधान बदललो. कोर्टानच." म्हटलं आणि मागून हसणं येईल म्हणून थांबलो. तिथे पहिल्यांदा रडलो.

दम्मामच्या विमानतळाच्या अलीकडे जोहरची, दुपारच्या नमाजाची अजान झाली. गुलखानने गाडी पेट्रोलपंपावर घेतली, "साब, नमाज पढ के आता हूँ," म्हणून मशिदीत गेला. मी टपरीवर गेलो आणि सवयीने बोलून बसलो – दोन करक. दोन कप हातात आल्यावर लक्षात आलं. टाकवेना. पंपाच्या कोपऱ्यात हवा भरायचं बंद पडलेलं मशीन होतं, शेजारी एक मोडकी निळी खुर्ची. मशीनवर तो दुसरा कप ठेवला आणि माझा उभ्याउभ्या प्यायलो. त्या कोपऱ्यात चिटपाखरू नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

गुलखान आला आणि तेवढ्यात कंपनीच्या मंदूबचा, म्हणजे सरकारी कागद बघणाऱ्या माणसाचा फोन आला. कार्गोच्या कागदांवरचा एक शिक्का राहिला होता. मी बोलत बोलतच गाडीत बसलो, विमानतळ येईपर्यंत बोलत राहिलो. शिक्का मिळाला, पेटी गेली, खलास.

दोन दिवसांनी दुपारी ड्युटीवर असताना वहिनीचा फोन आला. ती देवळातून बोलत होती.

"भावजी, तो आला नाही."

"वहिनी, पेटी तर—"

"पेटी माझ्यासमोर आहे. तो नाही. आत्ता पेटीशी बसल्या बसल्या डोळा लागला तर दिसला. निळ्या खुर्चीत बसलाय. बाजूला मोडकं मशीन, त्यावर कागदाचा कप. मी म्हटलं चल, तर म्हणतो, नितीन चहा ठेवून गेला, चल म्हणालाच नाही." आणि मग ती मोठ्याने रडायला लागली. "उद्या सकाळी अग्नी देणार. मी रिकामी पेटी जाळू का, भावजी?"

माझ्या हातातला मीटर खाली पडला. शिफ्ट इन्चार्जला काय सांगितलं आठवत नाही. स्वतःची गाडी काढली आणि तडक तो पंप गाठला. ऊन उतरत आलं होतं. खुर्ची तशीच होती. कपही तसाच, चहावर वाळूचा थर. आमचे वडील राखणदारापुढे उभे राहायचे तसा उभा राहिलो, हात जोडले.

"दादा, चुकलंय. चल आता. बस इली."

पुढचं दार उघडलं, जरा थांबलो, लावलं. मी माझ्या सीटवर बसून गाडी सुरू केली आणि टिंग टिंग सुरू झालं. शेजारच्या सीटचा बेल्ट लावा, असं गाडी सांगत होती. सीटवर माझी बॅग नव्हती, फोन नव्हता, काही नव्हतं. मी रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढून लावला. आवाज थांबला.

विमानतळापर्यंत एकही वळण सोडलं नाही. डिपार्चरला गाडी लावली, बेल्ट सोडला, दार उघडलं. "हंयसून पुढे तूच जा. बोर्डार बँकॉक बघ. वहिनी वाट बघता." दार लावलं. परतताना गाडी गप्प होती.

सकाळी वहिनीचा मेसेज आला. "आला. हसत होता. आता अग्नी देतो."

सीटचा सेन्सर मी स्वतः तपासला, सर्व्हिस सेंटरलाही दाखवला. कसलाही फॉल्ट नाही. तरी म्हणू, एखादं कनेक्शन ढिलं असेल. पण त्या कपाचं काय? खुर्चीचं काय? मला नाही माहीत. आजही नाही.

आता बसमध्ये खिडकीशी मीच बसतो. महिन्यातून एकदा काही ना काही कारण काढून त्या रस्त्याला जातो, पंपावर थांबतो, दोन करक घेतो, कप मशीनवर ठेवतो. वहिनीसाठी ते करायलाच हवं होतं, ते मला कळतं. पण त्याला जुबैलमधून मीच घालवला, हेही खरं. परत गाडीत बसताना पुढचं दार एकदा उघडून लावतो, गाडी सुरू करतो आणि थोडा वेळ कान देऊन बसतो. एकदा तरी वाजावं असं फार वाटतं.

वाजत नाही.