लायसन्समधली माझी ओळ

आधी कबुली देतो... दुसऱ्याच्या लायसन्समध्ये मी माझी एक ओळ घुसवली.

आमच्या कुंभकोणमला मामाचं कॉम्प्युटर सेंटर आहे. बारावीत दोनदा गचकलो, तेव्हापासून तिथे फ्लॉप्या कॉपी करतो. दोस्त सगळे इंजिनीअरिंगला मद्रासला गेले. आम्ही पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिलेले मराठी, अम्मा गेल्यावर घरात मराठी बोलायला उरले अप्पा, आणि ते बोलतच नाहीत... दुपारचा डबा मी सेंटरवर एकटाच खातो.

एका मासिकाबरोबरच्या सीडीवर टायपिंग शिकवायचा प्रोग्रॅम होता. नुसता फुकट नाही... कॉपी करा, वाटा, आतला कोड पण बदला, सगळी मोकळीक. फक्त बरोबरचं लांबलचक लायसन्स जसंच्या तसं पुढे द्यायचं. त्यात काही बदलायचं नाही.

बदलू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात! मधोमध इंग्रजीत लिहून टाकलं, वापरणाऱ्याने खालच्या पत्त्यावर खुशालीचं पोस्टकार्ड पाठवलंच पाहिजे. पत्ता माझा. आणि तशाच फ्लॉप्या गिऱ्हाइकांना कॉपी करून दिल्या.

गंमत म्हणून केलं हो. पण मग रोज पोस्टमनची सायकल वाजली की मान वर व्हायची... वर्ष गेलं, एक कार्ड नाही. लायसन्स वाचतं कोण?

परवा पोस्टमनने गठ्ठाच टेबलावर आपटला. "काय रे तंबी, लग्न ठरलं की काय?"

सगळी कार्डं जवळच्या तिरुप्पनंदाळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटची. टीचरनी लिहिलं होतं, स्पीडच्या सरावाला मुलींना ते लायसन्सच टाइप करायला दिलं, त्यात ही अट निघाली, म्हणून कार्डं पाठवतोय. प्रत्येकीचा मजकूर तोच, "वी आर फाइन, सर." चुका तेवढ्या जिच्या तिच्या.

पण टीचरनी खाली विचारलं होतं, 'बदल करू नये असं सुरुवातीलाच लिहिलंय. ही अट मूळ लेखकाचीच ना? नसेल तर आम्ही काढून टाकू.'

खरं सांगितलं तर कार्डं बंद...

गठ्ठा परत चाळला. एका कार्डाच्या तळाशी पेनने तमिळमध्ये एकच शब्द, नाव नाही. 'साप्टिंगळा?' जेवलात का?

आमच्या गावात हे कोणीही कोणालाही विचारतं. मला खूप दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. डबा तसाच पडला होता... उघडला.

सेंटरच्या फ्लॉप्यांमधून ती ओळ मी काढून टाकलीय, शप्पथ. टीचरना मात्र लिहिलं, 'होय मॅडम, लेखकाचीच.' आणि खाली तमिळमध्ये, 'जेवलो.' टीचर पत्र वर्गात दाखवतील, पण 'जेवलो' कशाचं ते त्यांना कळणार नाही. ज्या पोरीला कळायचं तिला कळेल.

मामाने नवीनच इंटरनेट घेतलंय, म्हणून इथे, मराठी लोकांच्या या साइटवर, लिहितोय. तुम्ही बरेच जण अमेरिकेत आहात, तो प्रोग्रॅमवाला पण तिकडचाच... शेजारी राहत असला तरी बोलू नका हो. हात जोडतो, पाया पडतो, कोणालाच सांगू नका. पुढच्या महिन्यात तिरुप्पनंदाळला नवी बॅच बसतेय.