आमच्या गावचे भाड्याचे गुंड

आमच्या पासली गावाकडं शूटिंगची गाडी वळली की दोन-चार किस्से मागं ठेवूनच जाते. पारावर बसलं की एकातून दुसरा निघतो. पण मागच्या टोळीयुद्धाच्या सिनेमाचे किस्से सांगताना माझा जीव अजून वरखाली होतो. त्यात माझे दोन्ही मुलगे होते. ग्रामपंचायतीला दोघं समोरासमोरच्या पॅनलमधून उभे राहिले, आणि तेव्हापासून एका अंगणात राहून एकमेकांशी बोलत नव्हते.

आधी मलाच एका टोळीचा म्होरक्या करायचं ठरलं. डायरेक्टर म्हणाला, रागानं बघा. मी बघितलं.

त्यानं विचारलं, "बाबा, चहा हवाय का?"

मग मला मेलेल्या गुंडांचा बाप केलं.

सिनेमातला भाई खून करायला निघताना देवाला नारळ फोडायचा. माझा जुना सोबती कोंडिबा हे बघून अस्वस्थ झाला. त्यानं डायरेक्टरलाच गाठलं. "साहेब, नारळ देवाला आन् कोयता माणसाला? देव ह्याला काय बोलत न्हाई व्हय?"

पब्लिकला असंच आवडतं, असं डायरेक्टरनं सांगितलं.

कोंडिबा म्हणाला, "पब्लिक म्हंजी आमीच की."

मोठ्या मारामारीसाठी डायरेक्टरनं माणसं दोन टोळ्यांत वाटली. तो कॅमेऱ्याकडं वळला, तेवढ्यात सगळे उठून आपापल्या पॅनलच्या माणसांत जाऊन उभे राहिले. मग शिव्या सुरू झाल्या, त्या कुणी लिहून दिलेल्या नव्हत्या.

डायरेक्टर खूश. "किती नॅचरल!"

कोयते रबराचे होते, हात खरे होते. आणि माझी पोरं समोरासमोर उभी होती.

थोरल्यानं वार करायचा, धाकट्यानं पडायचं. धाकटा काही पडेना. उलटं करून बघितलं, तर थोरला अडून बसला. "ह्याच्या हातनं म्या मरनार न्हाई."

वैतागून डायरेक्टरनं दोघांना एकदमच मारलं. दोघं भाताच्या खाचरात शेजारी-शेजारी आडवे झाले. मी उशाशी, रडायला. कॅमेरा चालू.

धाकटा ओठ न हलवता म्हणाला, "म्हस व्यायली का?"

थोरला बराच वेळ मेलेलाच राहिला. मग हळूच म्हणाला, "पारडी झालीया पहाटं. ये सांजंला बघाया."

"कट!" डायरेक्टर ओरडला. "बाबा, हसताय काय? तुमची दोन्ही पोरं मेलीत!"