विजेनं कुरळे झालेले केस

लॅमार क्रिबच्या डोक्यावर वीज पडली होती, हे टर्नर्स लँडिंगमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. शाळा संपली त्या उन्हाळ्यात, एका रविवारी, तो नदीवर गळ टाकून बसला होता. आभाळ गडगडलं, शेजारच्या पाइनवर वीज कोसळली आणि झाडावरून उतरून त्याच्या केसांत शिरली. लॅमार वाचला, पण त्याचे सुतासारखे सरळ केस जे पिळले गेले ते कायमचेच. पुढे हाच लॅमार 'स्लो फेरी' बँडचा गायक म्हणून जॉर्जियापासून टेक्सासपर्यंत गाजला, आणि त्याच्याइतकेच त्याचे केसही गाजले. गाणं रंगात आलं की तो मान झटकायचा आणि डोक्याभोवती सोनेरी ढग उसळायचा. पोरी किंचाळायच्या. पोरं घरी जाऊन आरशासमोर तशीच मान झटकायची आणि लचकलेली मान घेऊन दोन दिवस हिंडायची.

ही विजेची गोष्ट साफ खोटी आहे, हे वायलीन टूटनला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते केस तिनंच कुरळे केले होते, आईच्या स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या सिंकमध्ये.

वायलीन तेव्हा केशकर्तनाच्या शाळेत शिकत होती. आईवडील चर्चला गेलेले. पोटात दुखतंय असं सांगून ती घरी लोळत पडली होती. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. दारात लॅमार, भर उन्हाळ्यात कानापर्यंत टोपी ओढून.

"वायलीन, आत घे लवकर. कुणी बघेल."

"बघू दे की. चोरी करून आलायस?"

त्यानं आत येऊन टोपी काढली. "हे बघ."

"काय बघू? केस आहेत."

"केस नाहीत गं, ओला पडदा आहे! फ्लॉइडला झुलपं आहेत, डूईला दाढी आहे, हॉयटची मिशी तर दोन गावांवरून दिसते. मधे मी उभा राहिलो की वाटतं, बँकेतला कारकून चुकून स्टेजवर चढलाय. शनिवारी सवाना शहरात कार्यक्रम आहे आमचा. काहीतरी कर."

"पर्म करता येईल, औषध ओतून केस कुरळे करायचे," वायलीन म्हणाली. "पण आधीच सांगते, आजवर मी दोनच पर्म केलेत. एक शाळेतल्या रबरी डोक्याचा आणि दुसरा माझ्या मावशीचा."

"मावशी कशी दिसते?"

"मेंढीसारखी."

"मला तसंच कर," लॅमार खुर्चीत बसत म्हणाला.

तिनं त्याचे केस एकेक बट करून रोलरवर गुंडाळले, वर औषध ओतलं, आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. लॅमारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तरी तो गात होता. सिंकमध्ये डोकं घालून त्यानं तिला एक नवीन गाणं म्हणून दाखवलं. तिनं सांगितलं की दुसरं कडवं रडकं आहे. त्यानं तिथल्या तिथं ते बदललं. रोलर सोडले तेव्हा दोघंही आरशाकडे बघत बसले. मग लॅमार इतका हसला की खुर्चीसकट मागे पडला.

"शपथ घे," जाताना तो म्हणाला. "मेलीस तरी कुणाला सांगायचं नाही. बाप्या माणूस पर्म करून हिंडतो म्हटल्यावर मला कुणी जगू देणार नाही."

तो बाहेर पडला आणि धो धो पाऊस आला. विजा चमकत होत्या. चर्च नुकतं सुटलं होतं आणि अख्खं गाव ओसरीवर थांबलं होतं. त्यांच्यापुढून लॅमार डोक्यावर ते प्रकरण घेऊन चालला. पाद्र्यानं हाक मारली, "अरे पोरा, काय झालं तुला?"

लॅमारला सुचलं ते तो बोलून गेला. "वीज पडली, सर."

बायका रडायला लागल्या. त्याच्यासाठी तिथंच प्रार्थना झाली.

पर्म काही जन्मभर टिकत नाही. मुळाशी सरळ केस दिसू लागले की लॅमारचा फोन यायचा. वायलीन ब्रेडच्या पिशवीत रोलर भरून गाडी काढायची, कधी मेकनला, कधी जॅक्सनव्हिलला. नवे केससुद्धा कुरळेच कसे उगवतात, असा प्रश्न एवढ्या चाहत्यांत कुणाला पडला नाही. मोटेलच्या बाथरूममध्ये लॅमार तिला नवी गाणी ऐकवायचा आणि ती त्याच्या कानात कापूस कोंबता कोंबता ती नापास करायची. प्रेमबिम काही नव्हतं. वायलीनचं मन तेव्हा कार्लटन टूटनवर बसलं होतं, पुढे तिनं लग्नही त्याच्याशीच केलं. कार्लटन 'स्लो फेरी'चा पहिल्या रांगेतला भक्त. कार्यक्रमात स्पीकरला कान लावून उभा राहायचा आणि आता त्याच कानानं त्याला काही ऐकू येत नाही.

मग एका नोव्हेंबरमध्ये, पावसात, बँडची बस टेनेसीच्या एका घाटातून खाली गेली. लॅमार गेला आणि ढोल वाजवणारा डूई स्ट्रिकलंड गेला. दोघंही तिशीच्या आतले. गावात प्रेत ठेवतात तिथल्या माणसानं वायलीनला बोलावलं, कारण मेलेल्यांचे केस नीट करायचं काम गावातल्या केशकर्तन करणारीकडेच असतं. तिनं दार आतून लावून घेतलं आणि लॅमारचे केस रोलरवर घेतले, अगदी सावकाश. मुळाशी बोटभर सरळ केस वाढले होते. फोन करायची वेळ झालीच होती त्याची. त्या दिवशी ती त्याच्याशी बरंच काही बोलली. काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात, लॅमारच्या वाढदिवसाला, चाहते टर्नर्स लँडिंगला जमतात. अलाबामातून येतात, कॅरोलिनातून येतात, एक जोडपं तर थेट नॉर्वेहून येतं. नदीकाठी डुक्कर भाजलं जातं, उकडलेल्या शेंगांचे हंडे चढतात, आणि गुडघे बदललेली माणसं त्याच गुडघ्यांवर नाचतात. फ्लॉइड मोब्ली, मुख्य गिटार वाजवणारा, सुरुवातीला यायचा, लोकांच्या गळ्यात गळा घालून रडायचा, हसायचा. नंतर कर्करोगानं तोही गेला. हॉयट पर्विस तेवढा उरला, पण त्या अपघातानंतर तो नॅशव्हिलला जाऊन राहिला, तो गावाकडे फिरकलाच नाही.

या मेळ्यातला सगळ्यात मोठा मान कार्लटनचा. नदीकाठचा तो वीज पडलेला पाइन त्यानंच शोधून काढला होता. झाडाखाली त्यानं स्वखर्चानं संगमरवरी दगड बसवला होता, आणि दर वर्षी लोक तिथं रांग लावून, केस विस्कटून फोटो काढायचे. वायलीनही नवऱ्याशेजारी उभी राहून केस विस्कटायची. आत तिला हसू आवरायचं नाही, आणि कार्लटनला वाटायचं, बायको आठवणीनं गहिवरली आहे.

"पाणी आलं बघ डोळ्यांत हिच्या," तो म्हणायचा. आणि ते खरंही होतं.

गेल्या वर्षी चाहत्यांनी लॅमारचा पुतळा करायचं ठरवलं. काम ट्रॉय डेल्ककडे आलं. ट्रॉय थडग्यांचे दगड घडवतो, हात चांगला आहे त्याचा आणि 'स्लो फेरी'ची सगळी गाणी त्याला तोंडपाठ आहेत. ब्राँझमध्ये ओतायला पाठवण्याआधी मातीचा पुतळा सगळ्यांना दाखवायचा म्हणून त्यानं तो ट्रकवर घालून मेळ्यात आणला. आणि त्याच दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक म्हातारा काठी टेकत टेकत आला. मिशी पांढरी झाली होती, पण दोन गावांवरून दिसत होती.

"हॉयट पर्विस!" कुणीतरी किंचाळलं. पुढचा अर्धा तास नुसत्या मिठ्या. नॉर्वेच्या बाईला चक्कर आली, तिला गोड चहा पाजावा लागला. हॉयट म्हणाला, "मी एकटाच उरलोय, आता नाही आलो तर कधी येणार?"

मग ट्रॉयनं पुतळ्यावरची चादर ओढली.

पुतळा सुरेख होता. लॅमारचं नाक, लॅमारची हनुवटी, गाण्याआधी ओठ मुडपायची त्याची सवय, सगळं हुबेहूब. आणि डोक्यावर सरळसोट, चापूनचोपून बसवलेले केस.

लोक पुढे सरकून निरखायला लागले. मग अलाबामाचा रस्टी गेट्स, जो गेली कित्येक वर्षं डोक्यावर पिवळ्या कुरळ्या केसांचा टोप घालून येतो, तो गरजला. "हा कोण? हा तर विमा विकायला आलेला माणूस दिसतोय!"

"शाळेतला फोटो घेतला मी," ट्रॉय रडकुंडीला आला. "तेवढ्या एकातच चेहरा नीट दिसतो. बाकी सगळ्या फोटोंत नुसता केसांचा ढग आहे रे! त्या ढगाचं करायचं काय ते कळेना, म्हणून मी वीज पडायच्या आधीचा लॅमार केला."

"विजेच्या आधीचा लॅमार कुणाला हवाय?" कार्लटन ओरडला. "वीज पडली म्हणून तर तो लॅमार झाला!"

एकच गोंधळ. कुणी म्हणे तार लावा, कुणी म्हणे लोकर चिकटवा. रस्टी आपला टोप पुतळ्याला घालायला निघाला, त्याला दोघांनी धरलं. शेवटी सगळे हॉयटकडे वळले. "हॉयट, तुम्ही सांगा. ते केस नेमके होते कसे? विजेनं ते केले कसे?"

हॉयट मिशीतल्या मिशीत हसला. "मला काय विचारता? विजेलाच विचारा. ती काय तिकडे उभी आहे, बटाट्याच्या सॅलडजवळ."

वायलीनच्या हातातला डाव सॅलडमध्ये पडला.

"तुला माहीत होतं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"अगं बये, चार माणसं, एक बस, बंद खिडक्या आणि सडक्या अंड्यांचा वास! डूई नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून झोपायचा. फ्लॉइड म्हणायचा, पुढच्या पर्मला मी बँड सोडतो. पण लॅमारला वाटायचं आम्हाला कळत नाही. मग आम्हीही कळू दिलं नाही. शपथ घातली होती ना त्यानं तुला? आम्ही आमची आमचीच घेतली."

 इतकी वर्षं वायलीनला वाटत होतं की हे ओझं आपण एकटीच वाहतोय, आणि हे तिघं बसमध्ये नाकं धरून तेच वाहत होते. तिला हसू फुटलं. पोट धरून, टेबलाला टेकून, श्वास अडकेपर्यंत ती हसली, आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. ओला पडदा, मावशी, सिंक, पाद्री. ऐकता ऐकता लोक गवतावर बसले, काही आडवेच झाले.

एकटा कार्लटन उभा होता. एक कान पुढे करून त्यानं सगळं ऐकलं. मग तो हळूच म्हणाला, "वायलीन, मग त्या झाडाला काय झालं होतं?"

"कीड लागली होती, राजा."

"आणि मी तिथं संगमरवर बसवला?"

"फार छान बसवलास."

कार्लटननं तिच्याकडे बघितलं.  "म्हणजे," तो म्हणाला, "अख्ख्या अमेरिकेला वेड लावणारे केस माझ्या बायकोनं केले, आणि मी इतकी वर्षं एका किडक्या झाडाचं कौतुक करत बसलो?" आणि त्यानं भर मेळ्यात तिला उचलून घेतलं. म्हणजे तसा प्रयत्न केला. त्याची कंबर धरली, आणि हॉयटनं त्याला खुर्ची दिली.

वायलीन गाडीतून रोलर घेऊन आली. "ट्रॉय, तू केलेला चेहरा देवानंच घडवल्यासारखा आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. पण डोक्याला मात्र सगळ्यांनी लावायचा. माती काढ." मातीच्या वळ्या करायला सगळे बसले. वायलीन दाखवायची, वळी रोलरवर दोन वेढे घेऊन सोडायची, ओढायची नाही. ट्रॉय शिडीवर चढून एकेक बट बसवायचा आणि ती कुठं कशी वळवायची ते तोच ठरवायचा. नॉर्वेच्या नवऱ्याच्या बटा फार देखण्या व्हायच्या. रस्टीच्या गांडुळासारख्या, त्या मानेमागे लावल्या. हॉयटनं एक बट डूईच्या नावानं वळली आणि एक फ्लॉइडच्या. दोन्ही त्यानं स्वतः लावायचा हट्ट धरला, तेव्हा चार जणांनी त्याला शिडीवर धरून ठेवलं. खाली कुणीतरी गाणं धरलं. वायलीननं सिंकपाशी पास केलेलं तेच, बदललेल्या दुसऱ्या कडव्यासकट. मातीनं माखलेले हात वर करून सगळे गात होते. डुक्कर तोवर करपून गेलं, पण त्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

वसंतात पुतळा नदीकाठी उभा राहिला. डोकं जरा जास्तच मोठं झालंय, वारा सुटला की पुतळा कलंडेल असं वाटतं, पण चाहते म्हणतात, तो स्टेजवरही तसाच दिसायचा. कार्लटननं आपल्या दगडावर खाली एक ओळ कोरून घेतली, 'खरी वीज गावात राहते', आणि शेजारी वायलीनच्या दुकानाच्या दिशेनं बाण.

त्या बाणानं तिचं जिणं हराम केलंय. शनिवारी दुकानात बसायला जागा नसते. निवृत्त पोस्टमास्तर, सुतार, ट्रक चालवून कंबर गेलेले बाप्ये, सगळे गळ्याला टॉवेल बांधून, डोक्यावर रोलर घेऊन रांगेत बसतात आणि बाहेरून कुणी डोकावलं की मासिकामागे तोंड लपवतात. रस्टीही आला. टोप काढला तर खाली केसच नाहीत, कानांवर तेवढी दोन झुलपं.

"एवढ्यांचं काय होईल?" त्यानं विचारलं.

वायलीननं झुलपं बोटांत धरून नीट पाहिली. "दोन रोलर बसतील," ती म्हणाली. "बस, डोळे मीट. झोंबेल जरा."