बाभळीचा रंधा

काल सोसायटीत सुतारकाम चाललं होतं. सागवानाच्या ढलप्यांचा वास आला आणि नव्वदच्या दशकातलं सानपाड्याचं आमचं फोटोफ्रेमचं दुकान आठवलं. लकव्याने ह्यांचा उजवा हात गेला होता. ह्यांचा सुतार मित्र म्हणाला, "पट्ट्यांची टोकं तासायला डाव्या हाताचा रंधा करतो. हलका करू?" हे म्हणाले, "जड कर. फळीवर आडवा सरकवायचाय, उचलायचा थोडाच हाय? वजनानं हात थरथरणार न्हाय." त्याने बाभळीचा केला. मी पट्टी दाबून धरली, ह्यांनी रंधा रेटला. मग मी दोन पट्ट्यांचा कोपरा जुळवून खिडकीकडे धरला. "फटीतून उजेड दिसतो का गं?" "नाही," मी म्हटलं. त्या दिवशी, लकव्यानंतर पहिल्यांदाच, ह्यांनी स्वतःहून चहा मागितला. पुढे पुष्कळ वर्षं ह्यांनी फ्रेमा केल्या. आता ह्यांचा हात म्हटलं की मला डावाच आठवतो.