फ्रान्समध्ये काढलेली दृष्ट

आता काय सांगू तुम्हाला! लोक फ्रान्सहून अत्तरं आणतात, चॉकलेटं आणतात. मी तिथली एक अख्खी इमारत खोकायला लावून आले.

झालं असं, की ह्यांना जळगावच्या कंपनीने पाइपच्या नव्या मशिनचं ट्रेनिंग घ्यायला दहा दिवस तिकडे पाठवलं. सोबत मी आणि दोन वर्षांची ओवी. गाव कसं? खिडकीखिडकीत फुलं, नदीवर दगडी पूल, सगळं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं! पण माझं लक्ष होतं कुठे? ओवीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. भात नको, पोळी नको. जळगावच्या पोरीला केळंसुद्धा नको, म्हणजे बघा!

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. सत्तरीची, एकटीच. ओवी दिसली की तिचे गाल धरून मोडक्या इंग्रजीत म्हणायची, "काय डोळे! काय डोळे!"

सासूबाईंनी अमळनेरहून व्हिडिओ कॉलवर निदान केलं. "पोरले नजर लागनी वं माय! सात मिरच्या, मीठ, मव्हरी ववाळ आन तवावर टाक. ठसका उना नही, ते समज नजर व्हती." म्हणजे ठसका आला नाही तर नजर, आला तर नजर नाही!

मी एम.एस्सी. केमिस्ट्री. मिरची जळली की ठसका का लागतो, हे फळ्यावर लिहून दाखवीन. पण पोर उपाशी असलं की डिग्री कुठे जाते, तुम्हीच सांगा! आणि मिरच्या होत्याच. खान्देशी माणूस बॅगेत पासपोर्टच्या आधी मिरच्या भरतो.

"अगं, खिडकी तरी उघड," हे म्हणाले.

"नको, ओवीला गार वारा लागेल."

तवा तापला. ओवीवरून उतरवलेल्या मिरच्या पडल्या. पहिला ठसका मला, दुसरा ह्यांना. तेवढ्यात छतावरचं धुराचं यंत्र असं किंचाळलं, की मला वाटलं, नजरच ओरडतेय! मग जिन्यात खोकला, वरच्या मजल्यावर खोकला. पाच मिनिटांत सगळी इमारत रस्त्यावर! एक जण टॉवेलवर, एक बाई मांजर कवटाळून. मांजरही शिंकत होतं हो!

मी नाक पुसत ह्यांच्या कानात म्हटलं, "अहो, सगळ्यांना ठसका लागला. म्हणजे नजर नव्हतीच!"

"वा! जा, सांग त्यांना."

तोवर मालकीण तोंडाला रुमाल लावून वर गेली आणि तवा घेऊनच खाली आली. त्यात काळ्याठिक्कर सात मिरच्या, मीठ, मोहरी. तिने तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ओवीकडे.

"हे... जेवण?"

आता काय सांगणार? की बाई, तुमचीच नजर काढत होते? मी मान डोलावली.

"बाळाचं?"

घाबरून मी पुन्हा डोलावली! हे मेले तिकडे नदी बघत उभे.

तिने ओवीला कडेवर उचललं, आपल्या घरात नेलं आणि बटाट्याचं सूप पुढे ठेवलं. माझ्या पोरीने वाडगा चाटूनपुसून साफ केला! जणू जन्मात पहिल्यांदाच अन्न दिसलं.

पुढे रोज संध्याकाळी बाई सूप घेऊन हजर. ओवीला मांडीवर घेऊन भरवायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जशी मी सावत्र आई!

निघताना तिने ओवीला मिठी मारली, डोळे पुसले आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. सूप कसं करायचं त्याची चित्रं. बटाटा, गाजर, पातेलं. आणि सगळ्यात खाली एक लाल मिरची, तिच्यावर ही मोठ्ठी फुली! फक्त माझी सही घ्यायची तेवढी बाकी होती.