मी न बघितलेला खेळ

त्या दुपारी ओटीवर बसून मी नि बायको मोड आलेले वाल सोलत होतो. माझ्यापुढं मूठभर, तिच्यापुढं ढीग. "अवो, सोलताय का उंदरागत कुरतडताय?" म्हणून हसली, पाणी प्यायला उठली आणि उंबऱ्यातच खाली बसली. बसली ती पुन्हा उठलीच नाही. दिवस मावळायच्या आत नदीवर सगळं आटपलं.

आमच्या धसई गावात तिला सगळे क्याप्टन म्हणायचे. बायकोला गाव क्याप्टन म्हणतं याची मला लाज वाटायची, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या पट्ट्यात बाया कबड्डी खेळायला लागल्या त्या हिच्यामुळं. लग्न होऊन आली तेव्हा झोडणी झाली की खळ्यात बाप्येच खेळायचे. एक दिवस हिनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि जावा-नणंदांना घेऊन उतरली. माझा बाप ओरडला, "सून हाय का पैलवान?"

ही म्हणाली, "मामा, डोक्यावर भारा देताना नाय विचारलंत ते!"

पुढं मुरबाड, शहापूर, कुठं कुठं खेळली. मी तिला नेऊन सोडायचो, घेऊन यायचो, पण खेळ बघायला एकदाही उभा राहिलो नाही. लोक हसतील म्हणून. टोकावड्याला सामना होता तेव्हा रस्त्यापलीकडच्या ढाब्यात चहा पीत नुसता गलका ऐकला. जिंकली का हरली ते तिच्या चालण्यावरून कळायचं. तोंडानं कधी विचारलं नाही.

याहून वाईट एक केलं. जिल्ह्याच्या संघात घ्यायचं म्हणून एक मास्तर घरी आले. ही लावणीला शेतात होती. रोप पिवळं पडायला लागलेलं, हात कमी. मी सांगितलं, "तिनं खेळ सोडला." मास्तर परत गेले. महिन्याभरानं तिला कळलं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "समोरच्या सातजणींनी धरलं तरी सुटत होते मी. तुमी मागनं धरलंत."

भांडली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं पोरी घडवल्या. वाड्यावाड्यांतून गोळा करायची. एखादीचा बाप नाय म्हणाला की त्याच्या अंगणात जाऊन बसायची, चहा दिला तरी हात लावायची नाही. "आधी हो म्हण रे, मग पिते." जन्मभर थंड चहा प्यायली असेल. मी म्हणायचो, "लोकांच्या पोरींचं तुला काय गो?" ती चपला घालून पुढच्या वाडीला निघायची.

नदीवरून परतलो तर तिच्या संघातली सोनी दारात रडत उभी. शहापूरला निवड होती आणि तिचा बाप बबन सोडत नव्हता. "आजी उद्या बाबांना सांगायला येणार होती," एवढंच बोलली.

सकाळी मी गेलो. सुतकात कुणाच्या दारी जाऊ नये, एवढं मलाही कळतं. म्हणून बबनच्या अंगणात पाय ठेवला नाही, बाहेर रस्त्यावरच उभा राहिलो. तो धावत आला. "तात्या, तुमी आज कशाला आलात? काय पायजे का?"

मी म्हणालो, "बबन, माझी बायको बिजलीगत खेळायची म्हणे. सगळा तालुका सांगतो. मी बघितली नाय."

"सोनीला नुसती धाडू नको," मी म्हणालो. "तू संगती जा. सगळ्यांच्या पुढं बस नि बघ."